एक गुरू, दोन लघू

माझ्या ऑफिसच्या बॅगेत लॅपटॉप, चार्जर, चष्म्याची डबी आणि एक खोडरबर असतो. पेन्सिल नसते. टीममधल्या पोरांना याचं भारी कुतूहल. मध्ये एकीने विचारलंच, "सर, तुम्ही कोड याने खोडता का?" सगळे हसले, मीही हसलो. तिचा जन्म व्हायच्या आधी याच्या जोरावर मी एका अख्ख्या कारखान्याचे पगार वेळेवर काढलेत, हे तिला कुठून सांगायला बसू?

खोडरबर रॅमसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या पट्टीसाठी. पावसाळ्यात रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर धरायचा. मशीन उठायचं नाही, नुसता आतला छोटा स्पीकर लांब लांब बीप देत राहायचा. मग झाकण उघडायचं, पट्टी उपसायची, दात खोडरबराने घासायचे, चुरा फुंकरीने उडवायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'कट्ट' म्हणेपर्यंत पट्टी दाबून बसवायची. बहुतेक वेळा मशीन उठायचं. आमच्या तालुक्यात कॉम्प्युटरवाला म्हणून माझी जी काही कीर्ती होती, ती या दोन रुपयांच्या खोडरबरावर उभी होती.

लांब लांब बीप म्हणजे रॅम. अवॉर्ड कंपनीचा बायोस, म्हणजे मशीन उठवणारा आतला प्रोग्रॅम, असेल आणि एक लांब, दोन आखूड आल्या तर डिस्प्ले कार्ड. हे मला एकदा ऐकून पाठ झालं, कारण शाळेत मराठीच्या बाईंनी 'यमाताराजभानसलगा' घोटून घेतलं होतं. एक गुरू, दोन लघू. भानस. भ गण. वृत्तांचा पुढच्या आयुष्यात मला एवढा एकच उपयोग झाला, पण झाला. पडदा काळाठिक्कर असला तरी मशीन आपलं दुखणं गणात बांधून सांगायचं.

मी १९९३ साली एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्या विभागात चिकटलो. जनरल मॅनेजरसाहेबांच्या केबिनला पंखा होता आणि आमच्या कॉम्प्युटर रूमला एसी. बाहेर मळीचा वास आणि चिमणीची काजळी, आत गाभाऱ्यासारखा थंडावा. चपला बाहेर काढूनच यायचं. संचालक मंडळी पाहुण्यांना दाखवायला घेऊन येत, तेव्हा काही जण दारातूनच हात जोडायचे. सर्व्हरला की मला, ते मी कधी विचारलं नाही.

आत एक सर्व्हर, सहा मशीन, ती एकमेकांना जोडणारं नोव्हेल कंपनीचं नेटवर्क आणि नोंदी ठेवायला फॉक्सप्रो. सगळी मशीन एकाच केबलवर ओवलेली. माळेतला एक दिवा सैल झाला की माळ बंद, तसं कुणाच्या पायाने एक जोड हलला की सहाही मशीन गप्प. मग केबल धरून भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं आणि एकेक जोड चाचपायचा. खूप त्रासाचं होतं. पण दुखणं त्या केबलवरच कुठेतरी आहे आणि केबल याच खोलीत आहे, एवढं तरी नक्की असायचं.

खरा राजा होता प्रिंटर. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स. गळीत हंगामात दर पंधरवड्याला ऊसबिलं निघायची आणि रात्रभर छपाई चालायची. आवाज असा, की वॉचमन गेटवरून सांगायचा बिलं चाललीत का थांबलीत. मी शेजारच्या खोलीत बाकावर आडवा व्हायचो. तो आवाज चालू आहे तोवर गाढ झोप. बदलला की जाग. रिबन अडकली तर आवाज कोरडा व्हायचा, कागद तिरका ओढला जाऊ लागला तर त्यात खरखर मिसळायची, आणि कागद संपला तर अचानक शांतता, जी सगळ्यात मोठ्याने ऐकू यायची. आमच्या हेडक्लार्क अण्णांचा तर दावा होता की एकूण बेरजेची ओळ आली की त्यांना पाठमोरं बसून कळतं, कारण ती ठळक छापायला हेड एकाच ओळीवरून दोनदा फिरतं. मी पारख केली. खरंच कळायचं.

या प्रिंटरला लोक हसतात, म्हणून थोडं सांगतो. हेडमध्ये नऊ किंवा चोवीस बारीक सुया असतात. प्रत्येक सुईमागे एक चिमुकलं विद्युतचुंबक. ते सुई पुढे ढकलतं, सुई शाईच्या रिबनवर आपटते, कागदावर ठिपका उमटतो. हा मार खालच्या कार्बनपर्यंत पोचतो, म्हणून एका छपाईत तीन प्रती निघतात: एक शेतकऱ्याला, एक अकाउंट्सला, एक बँकेला. लेझर प्रिंटर कितीही देखणा असला तरी तो कागदाला मारत नाही, त्यामुळे कार्बनपुढे त्याचं काही चालत नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे बिल्टी करायला जा, अजूनही तोच करकराट ऐकू येईल. जिथे कार्बन प्रत लागते तिथून त्याला हलवणं अवघड आहे.

आणि तो कागद! दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या, मधे फिकट हिरवे पट्टे. चुकलेली बिलं ढिगाने घरी यायची. त्यांच्या पाठकोऱ्या पानांच्या वह्या शिवून माझ्या पुतण्यांनी सगळी गणितं केली. एका बाजूला त्रिकोणमिती, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी बारा टन आडसाली ऊस.

जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेलो नाही. फ्लॉपीबद्दल मला काडीचं प्रेम नाही. १.४४ एमबी मावायचं आणि जी बॅकअपची, तीच नेमकी वाचता यायची नाही. फाइलच्या नावाला आठच अक्षरं. त्यामुळे 'ऊसबिल१', 'ऊसबिल२' आणि 'ऊसबिलन', ज्यातला 'न' म्हणजे 'नवीन' की 'नको', हे सहा महिन्यांनी मलाच आठवायचं नाही. आज गिट आहे. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं दिसतं आणि मागेही जाता येतं. लिनस टोरवाल्ड्स या माणसाने २००५ मध्ये ते लिहायला घेतलं. ते बारा वर्षं आधी असतं तर माझं वजन चार किलोंनी जास्त राहिलं असतं.

कारण झॅप. फॉक्सप्रोमध्ये 'झॅप' ही आज्ञा दिली की समोर उघडलेल्या टेबलातल्या सगळ्या नोंदी कायमच्या जातात. एरवी ते आधी विचारतं, पण दर वेळी उत्तर देण्याचा कंटाळा म्हणून मी ते विचारणं बंद करून ठेवलं होतं. एका संध्याकाळी मी तात्पुरतं टेबल रिकामं करायला झॅप दिलं. ते तात्पुरतं नव्हतं, सभासदांचं होतं. एंटर दाबल्यावर डिस्क एकदा 'टक्' वाजली, बस. एरवी एवढी खरखरणारी डिस्क हजारो माणसं पुसताना एवढंच बोलली. आदल्या दिवसाच्या फ्लॉप्या लावून, एक फ्लॉपी वाचत नाही म्हणून तिच्यापुरत्या नोंदी रजिस्टरवरून पुन्हा भरून, पहाटे साडेचारला मी ताळा जुळवला. अण्णा रात्रभर नावं वाचून देत होते. सकाळी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी आजही कुठलंही कन्फर्मेशन बंद करत नाही.

म्हणून २८ फेब्रुवारी २०१७ ला अॅमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेतला एक मोठा भाग काही तास आडवा झाला, आणि नंतर कंपनीनेच लिहिलं की आज्ञा देताना एक तपशील चुकीचा पडल्यामुळे हवे होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर बाजूला काढले गेले, तेव्हा जगभरातले लोक वैतागले असतील, मला मात्र त्या अनोळखी माणसाच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्यातही मासला पाहा: काय चालू आणि काय बंद हे दाखवणारा कंपनीचा फलक त्याच बंद पडलेल्या यंत्रणेवर उभा होता, त्यामुळे बराच वेळ तो बदलताच येईना. घर जळतंय आणि दारावरची पाटी म्हणतेय, सर्व कुशल.

माझं आजच्या यंत्रांशी भांडण आहे ते एवढंच. ती बोलत नाहीत. सर्व्हर कुठेतरी ढगात, त्याला हात लावता येत नाही की कान लावता येत नाही. बिघडलं की पडद्यावर एक गोंडस चित्र येतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'काहीतरी चुकलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' काहीतरी म्हणजे काय? डॉक्टरने नाडी पाहून 'तुम्हाला काहीतरी झालंय' म्हणावं तसं. मी तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकतो. तिकिटाला आपोआप उत्तर येतं की तुमचं तिकीट आलं आहे. मग मीटिंग लागते, तिच्यात सगळ्यांचे माईक बंद. नवीन लॅपटॉप उठला नाही तर एखादा दिवा लुकलुकतो. त्या लुकलुकण्याचा अर्थ शोधायला दुसरा लॅपटॉप लागतो.

१९९८ मध्ये वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल उजाडल्यावर कॉम्प्युटर तारखा चुकतील म्हणून निघालेल्या दुरुस्तीकामाच्या लाटेत मी पुण्याला आलो. तिथला फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेमसुद्धा दिलदार होता. फोन लावला की दोन्हीकडचे मोडेम आधी किंचाळत, मग खरडत, किती वेगाने बोलायचं ते ठरवत. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे आणि मुलीकडचे चढत्या आवाजात बोलतात आणि एकदम सगळं शांत होतं, तसं. त्या गोंगाटावरून कळायचं की आज ३३.६ केबीपीएसचा वेग मिळणार की निम्म्यावर समाधान मानायचं.

पासवर्डबद्दल दोनच ओळी. दर नव्वद दिवसांनी बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, असं अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेच २०१७ साली लिहून दिलंय. ते आमच्या ऑफिसात अजून पोचायचंय. बहुधा तिकीट टाकावं लागेल.

एआयचंही विचारतात. वापरतो. फॉक्सप्रोच्या जुन्या कोडचा अर्थ त्याने मला इतका झटपट लावून दिला की मीच चाट पडलो. फक्त तो चुकतो तेव्हाही त्याच ठाम, मऊ आवाजात चुकतो. रिबन अडकलेल्या प्रिंटरने आपण ठीक आहोत असा आव कधी आणला नव्हता.

एका गोष्टीपुरता मात्र मी नव्याचा भक्त आहे. कारखान्यात मराठीत नावं छापायला सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये घातलं होतं. डॉसच्या पडद्यावर 'धोंडिबा' उमटलेला पाहून अण्णांनी पेढे वाटले होते. पुढे विंडोज आलं, फॉन्ट आले, आणि प्रत्येक फॉन्टवाल्याने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. इथे टाइप केलेला धोंडिबा शेजारच्या मशीनवर फुल्या आणि डॉलर होऊन निघायचा. 'कोऱ्हाळे' मधला 'ऱ्ह' नीट येईल तर शपथ. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हा सगळा पसारा आवरला. आज माझी आई फोनकडे बघून बोलते आणि शुद्ध मराठीत निरोप उमटतो. एकदा 'भाजी घेऊन ये' चं 'बाजी घेऊन ये' झालं होतं, पण तेवढं चालायचंच.

तर १९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसातले पडदे एकामागून एक निळे व्हायला लागले. एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने त्या दिवशी जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय साधा होता: मशीन सेफ मोडमध्ये उठवा, एक फाइल पुसा, परत चालू करा. पण ढगातून ते होईना. प्रत्येक मशीनपाशी जायला हवं होतं. अनेक वर्षांनी मी पुन्हा टेबलाटेबलांवर फिरलो.

घरून काम करणाऱ्यांचं काय? त्यांना फोन. डिस्क कुलूपबंद, तिची किल्ली ४८ आकड्यांची, आणि ती माझ्याकडच्या यादीत. खोडरबराबद्दल विचारणारी ती पोरगी त्या आठवड्यात लातूरला घरी होती. मी तिला म्हटलं, "मी सहा-सहा आकडे वाचतो, तू माघारी म्हणून दाखव. घाई नको." कारखान्यात अण्णांबरोबर काट्याची वजनं अशीच ताडून घ्यायचो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने म्हणत टिक करायची. आठ गट झाले. पाचव्यात तिने सातच्या जागी नऊ ऐकलं, तो फिरून घेतला. मग फाइल शोधली, पुसली, मशीन परत चालू करायला सांगितलं.

"सर, निळं गेलं. पण सगळं काळं झालंय. काहीच नाहीये."

"कान लाव त्याला."

"काय?"

"कीबोर्डपाशी कान ने. काही ऐकू येतंय का बघ."

पलीकडे शांतता. मागे तिच्या घरातला कुकर एक शिट्टी देऊन गेला.

"बारीकसा पंखा फिरल्यासारखं वाटतंय, सर."

"मग थांब जरा. उठेल."

यादीत तिच्या नावापुढे टिक केली आणि मी पुढचा नंबर फिरवला.