रोटी घाटाच्या पुढे

‘चूक कुणाची होती?’ लोणी काळभोरचा मुक्काम येईपर्यंत दिंडीत जो तो मला हेच विचारू लागला होता. माझा मित्र छोट्या विमानाच्या अपघातात गेला आणि मीही तसलंच विमान चालवतो, हे कुणीतरी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एकानं तर टाळ थांबवून सल्ला दिला, ‘‘आता तरी सोडा हा नाद.’’ तो राग मला वरवंडपर्यंत पुरला.

तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता. चौकशी अहवाल यायचाय. तोवर राहुटीत पडल्या पडल्या मित्राचं शेवटचं वळण मीच घेत होतो. बेस लेगवरून, म्हणजे धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून, फायनलला, म्हणजे उतरायच्या सरळ रेषेत, वळताना मागून वारा आला असेल, धावपट्टीची रेषा निसटली असेल, ती गाठायला त्यानं वळण आवळलं असेल. विमान जेवढं कलेल तेवढा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग, वाढतो. उंची राखून 60 अंशांत वळलं तर 41 टक्क्यांनी. एकमेकांची तोंडी घेत घेत आम्ही दोघांनी पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, काढलं होतं, त्यामुळे हे पाठच. तेवढ्या उंचीवर स्पिन लागला, म्हणजे विमान गरगरत कोसळू लागलं, तर सावरायला जागा उरत नाही, हेही.

रोटी घाट भजनाच्या ठेक्यावर चढून गेलो. वासुंद्याच्या पुढे मात्र टाच टेकवेना. बाभळीखाली बसलो तर जिंतूरकडच्या एक आजी थांबल्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन सुनेच्या हाती दिलं, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि माझा धुळीनं माखलेला पाय सरळ मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागलो तर घोटा घट्ट धरून म्हणाल्या, ‘‘हालू नको.’’ फोडाच्या एका कडेनं सुई घालून दुसरीकडून काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडली. ‘‘दोरा काढू नको बरं. पाणी झिरपू दे.’’

तेवढ्यात बारामतीच्या बाजूनं शिकाऊ पोरांचं सेस्ना विमान आलं. मी वर पाहिलं, आजींनीही.

‘‘तुझ्या दोस्ताचं असंच होतं का?’’

‘‘असंच.’’

‘‘कसं चालवायचा?’’

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख झुकवून तो आधी एकच चाक टेकवायचा, मग दुसरं, शेवटी पुढचं. शेजारी बसूनही पहिलं चाक कधी टेकलं ते मला कळायचं नाही.

‘‘हलक्या हाताचा होता म्हण की,’’ आजी म्हणाल्या. मग मला रडू फुटलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि सुईत नवा दोरा ओवून पलीकडच्या माउलींचा पाय मांडीवर घेतला.

काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं अश्वांचं, सराटीचं नीरास्नान, सगळीकडे होतो. इंदापूरला टँकरच्या रांगेत एकाशी कडाडून भांडलो, आणि रात्री त्याच्याच पखवाजावर भजनात भान हरपून नाचलो.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं आणि वाळवंटात येऊन वहिनींना फोन लावला. इतके महिने मी फोन केला की आमचं बोलणं अहवालापाशीच अडायचं. या वेळी तो विषय काढलाच नाही. आडव्या वाऱ्यातल्या त्या लँडिंगचं सांगितलं.

‘‘हे मला कधी बोलले नाहीत ते,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘कुठे झालं हे? तुम्ही दोघंच होतात? आणखी सांगा ना.’’

भोवती गजर एवढा चालला होता की दुसऱ्या कानात बोट घालून, अक्षरशः ओरडून ओरडून मी त्यांना सांगत राहिलो.