मेल जात होते, येत नव्हते

फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसातून सकाळीच फोन आला. मेल जातात, पण कालपासून बाहेरचा एकही येत नाही. न्हावा शेवाला त्यांचा कंटेनर उतरला होता आणि शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर मेलवर यायची होती. ती नाही तर कंटेनर सुटत नाही, वर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, चढत जातं. तिथल्या ताईंचा आवाज रडवेला झाला होता.

सर्व्हर जुना, सेंटओएस ६ या लिनक्सचा. त्यावर पोस्टफिक्स हा मेलचा प्रोग्राम मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतलं, ऐकतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. पण नेटस्टॅटच्या यादीत २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे मेल आत यायचा दरवाजा, सगळ्या पत्त्यांवर उघडा होता. मशीनवरूनच टेलनेटने त्या पोर्टला जोडून पाहिलं, २२० हे मेल सर्व्हर तयार असल्याचं उत्तर लगेच आलं.

बाहेरून तपासायला मी मोबाईलचं नेट वापरत नाही. बाहेर जाणारा २५ बऱ्याच ठिकाणी बंद असतो आणि उगाच दिशाभूल होते. भाड्याच्या दुसऱ्या सर्व्हरवरून टेलनेट केलं, तर 'नो रूट टू होस्ट', म्हणजे मशीनपर्यंत रस्ताच नाही. हेच वाचून त्यांचा नेटवर्कवाला आदल्या दिवशी राउटरच्या मागे लागला होता. पण त्याच पत्त्यावर माझं एसएसएच, म्हणजे दुरून केलेलं लॉगिन, चालू होतं. रस्ता नसता तर ते कसं चाललं असतं?

येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला. बाहेरचं सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली विनंती, मशीनपर्यंत व्यवस्थित पोचत होतं, आणि 'होस्ट प्रोहिबिटेड', म्हणजे मनाई, असं आयसीएमपी उत्तर (नेटवर्कचा अडचण कळवणारा संदेश) आपलंच मशीन पाठवत होतं. समोरच्याला त्याचंच 'नो रूट' दिसतं. हा मेसेज भल्याभल्यांना चकवतो.

मग आयपीटेबल्सची, म्हणजे मशीनच्या फायरवॉलच्या नियमांची, यादी काढली, ओळींच्या नंबरांसकट. पाचव्या ओळीवर सरसकट रिजेक्ट (नाकारा), सहाव्या ओळीवर २५ साठी ॲक्सेप्ट (येऊ द्या)! नियम वरून खाली लागतात. सहाव्यापर्यंत पॅकेट जाणारच नाही. सहाव्या ओळीसमोर पॅकेटचा आकडा शून्य, पाचवीचा सारखा वाढतोय. यूपीएसच्या कामासाठी मशीन बंद केलं होतं, तेव्हा सेव्ह न केलेला जुना नियम उडाला आणि कुणीतरी तो घाईत शेवटी जोडला. मी तो पाचव्या जागी घुसवला आणि लगेच सेव्ह केला.

"दादा, कालचे मेल हरवले का हो?" ताईंनी विचारलं. नाही हरवले. अशा वेळी पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत धरून ठेवतो. निदान ४-५ दिवस प्रयत्न सोडू नयेत, असं आरएफसी ५३२१ हा मेलच्या नियमांचा दस्तऐवज सांगतो. लॉग उघडून त्यांना शेजारी बसवलं. थोड्या वेळाने कालचे मेल एकामागून एक उतरू लागले, डिलिव्हरी ऑर्डरही आली.

निघण्याआधी मालकांना भेटलो. सेंटओएस ६ चे अपडेट नोव्हेंबर २०२० मध्येच थांबलेत. एवढा धंदा त्यावर ठेवू नका म्हटलं, आणि नव्या मशीनची तारीख ठरवूनच खाली उतरलो.