पोपट नावाचा कोंबडा आणि माझी पोटरी

शनिवार, रात्री साडेनऊ. पाऊस चालूच.

आज परत मारलं त्यानं मला. सकाळी कणी टाकून वळले आणि तीन पावलं गेले असेन नसेन, मागनं फडफड आवाज आला आणि उजव्या पोटरीत खस्सकन काहीतरी घुसलं. बघते तर भोक छोटंच, शेंगदाण्याएवढं पण नाही, पण खोल गेलंय. चोच नाही मारत तो, उडी मारून दोन्ही पाय पुढं करतो आणि पायामागचा तो काटा घुसवतो. दुपारी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तिथं नर्सबाईंनी विचारलं काय चावलं, म्हटलं कोंबडा, तर त्या हसल्या आणि मागचे दोन पेशंट पण हसले. हसा म्हणावं. आज दहीकाला, सगळं गाव मजेत आणि मी लंगडत.

नाव पोपट. कारण लहानपणी खांद्यावर बसायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवलेली, एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली, आणि मग आठवड्याभरात मुंगसानं आईलाच उचललं. उरलेली पिल्लं एकेक करत गेली, हा एकटा राहिला. मग काय, पुठ्ठ्याचा खोका, वर बल्ब, आणि माझी मांडी. मी टीव्ही बघायचे आणि हा ओच्यात झोपायचा. चिरंजीव शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी पोपट कुठाय. हातावर दाणे, हातावर पाणी, सगळे लाड.

आणि तीच चूक झाली. हे मला आत्ता कळतंय. कोंबड्यांत वाढलेला कोंबडा माणसाला जरा दबून असतो, माणूस म्हणजे वेगळं जनावर हे त्याला माहिती असतं. याला आम्ही वेगळे वाटलोच नाही कधी. पाच-सहा महिन्यांचा झाला, तुरा लाल झाला, आरवायला लागला, आणि एक दिवस एक पंख खाली पाडून तिरका तिरका नाचत माझ्याभोवती फिरला. मला वाटलं लाडात आलाय, मी त्याचा व्हिडिओ काढला!! सासूबाई पडवीत पान लावत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगो, तो तुका कोंबो समाजता." मी हसले. मी कोल्हापूरची, मला वाटलं मालवणीत काहीतरी गंमत करतायत. त्या अगदी सिरियसली सांगत होत्या. घरात दुसरा कोंबडा नाही, नऊ कोंबड्या याच्या एकट्याच्या, आणि त्याच्या हिशोबानं त्यांच्या मागं मागं फिरणारी, दाणे टाकणारी मी म्हणजे त्याची कॉम्पिटिशन.

आमच्या यांनी मग त्याला एकदा लाथ घातली. तेव्हापासून जास्तच. लाथ म्हणजे त्याच्या भाषेत "ये मैदानात". आता यांचा पिवळा रेनकोट लांबून दिसला तरी मान फुलवून उभा राहतो. गॅस सिलेंडरवाला खळ्यात येत नाही, बाहेरूनच हाक मारतो, "वयनी, कोंबो बांधलास?" कुत्र्यासारखं. मी स्वतः हातात सूप घेऊन फिरते, ढालीसारखं. पाखडायचं सूप! सुपावर त्याच्या काट्यांनी दोन भोकं पाडलीत.

सल्ले सगळ्यांचे एकच, रस्सा कर. गटारीलाच जायचा खरं तर, पण चिरंजीवांनी त्याला न्हाणीत कोंडून बाहेरनं कडी घातली आणि दारात बसून राहिला. शेवटी विकतचं चिकन आणलं. नंतर श्रावण लागला, आता कोण हात लावतंय. मधे शेजारच्या वाडीतला एकजण विचारायला आला, कोंबडा तापट आहे ऐकलं, देता का, पैसे चांगले देतो. कशाला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, झुंजीलाच ना. पायाला पातं बांधून सोडणार. १९६० च्या कायद्यानं बंदी आहे आणि तरी चालतंय ते चालतंयच. त्याला म्हटलं नाही द्यायचा. ताटात गेला तर चालेल मला, खोटं कशाला बोलू, पण तसा नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. चतुर्थी अकरा दिवसांवर आली. मुंबईहून दीर-जाऊ येणार, त्यांची धाकटी तीन वर्षांची. ती जेमतेम माझ्या कमरेएवढी, याची उडी तिच्या तोंडापर्यंत जाईल. डोळ्याला लागलं तर? हे डोक्यात आल्यापासनं मला झोप नाही.

पण दुसरी बाजू पण लिहिते. परवा पाऊस थांबल्यावर परसात वाळवीची पाखं निघाली. पोपटानं एक उचललं, खाली टाकलं, परत उचललं, टुक टुक टुक टुक, मान खाली वर, आणि कोंबड्या धावत आल्या. खाल्लं त्या तांबड्या तलंगेनं, यानं नाही. असं सात-आठ वेळा. मी मोजत होते, एकही स्वतः खाल्लं नाही. आणि घार आली की याचा तो लांब किंचाळल्यासारखा आवाज, सगळ्या जास्वंदीखाली, आणि हा शेवटपर्यंत बाहेर एक डोळा वर करून उभा. आमच्या घरात एवढी ड्युटी कोणी करत नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले मारू नका, पळू पण नका, उचला. रोज सकाळी काखेत घेऊन दहा मिनिटं फिरा, कोंबड्यांच्या समोर. आणि काट्याचं टोक बोथट करा, पण थोडंच, आत हाड असतं आणि रक्त असतं. सासूबाईंचं पण तेच, फक्त कमी शब्दात: "पळतंस कित्याक? पळलंस म्हणजे हारलंस."

तर आत्ता साडेआठला खुराड्यात गेलो. अंधारात कोंबड्याला फारसं दिसत नाही, त्यामुळं हा राक्षस रात्री एकदम गरीब. यांनी बॅटरी धरली, मी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. वर्षभरानं मांडीवर. छाती धडधडत होती, त्याची, आणि माझीही. काटा पाऊण इंच झालाय, टोक सुईसारखं. कानशीनं घासत घासत टोक घालवलं, शेजारी हळद वाटीत तयार ठेवलेली पण लागली नाही. दुसऱ्या पायापर्यंत त्यानं डोळे मिटले, तो खालून वर येणारा पापुद्रा असतो ना तसा. हे म्हणाले, झोपला की काय. मी काही बोलले नाही, गळा जरा भरून आलेला.

रविवार, सकाळ.

उचलला. सूप बाजूला ठेवलं आणि सरळ उचलला. पहिले दोन मिनिटं लाथा, मग गप्प. काखेत घेऊन नऊ जणींसमोरून चार फेऱ्या मारल्या, सासूबाई पडवीतून बघत होत्या, म्हणाल्या, "श्रावण सरांदे, मगे बघूया." आता हे कोणाच्या बाजूनं बोलल्या कळलं नाही. विसर्जन झालं की वडे-सागोती या घरात होतेच. पाहुणे असेपर्यंत दिवसा डालग्याखाली आणि डालग्यावर पाटा, एवढं तरी ठरलंय.

खाली सोडला तर पिसं झटकली, पंख पाडला, तिरका आला. मी उभी राहिले. पोटरी दुखत होती पण हलले नाही. मग मुद्दाम पाठ केली आणि बालदी घेऊन चालायला लागले, मागनं पटपटपट पाय वाजले, गर्रकन वळले तर हा एका हातावर थांबलेला, आणि लगेच खाली मान घालून काहीतरी टिपायला लागला. जवळ जाऊन बघितलं, खाली काहीच नव्हतं.