साजातलं कासव

रविवार, रात्री

श्रिंक प्लॅस्टिकच्या, म्हणजे तापवल्यावर आखडणाऱ्या प्लॅस्टिकच्या, कानातल्यांसाठी काढलेलं कासव आज मनासारखं उतरलं. पाठीवरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या नाहीत, चारी पाय सुटे दिसतायत, आणि कडेचे ठिपके सासूबाईंनी बोट ठेवून मोजले. अख्खं कासव अंगठ्याच्या नखाएवढं. शीटवर काढलं तेव्हा चांगलं चार सेंटिमीटरचं होतं.

श्रिंक प्लॅस्टिकचं मला सगळ्यात आवडतं ते हेच, की मोठं काढायचं आणि बारीक मिळवायचं. ही पॉलिस्टायरीनची पातळ शीट. कारखान्यात ती गरम असताना आडवी-उभी ताणतात आणि ताणलेलीच थंड करतात. आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या त्या ताणात अडकून बसतात. साधारण १०० अंशांच्या वर तापली की साखळ्या सैल होतात आणि पुन्हा आखडतात. प्लॅस्टिक कुठं जात नाही. लांबी-रुंदीत घटलं ते जाडीत येतं. माझी शीट दहा सेंटिमीटरची चार होते. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ सहाव्या हिश्शावर, आणि जाडी सहापट. पाव मिलिमीटरचा पापुद्रा दीड मिलिमीटरचा टणक तुकडा होऊन बाहेर येतो.

१९७३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेटी मॉरिस यांनी स्काउटच्या मुलांसाठी हा उद्योग शोधला आणि पुढं तो ‘श्रिंकी डिंक्स’ नावानं बाजारात आला. त्याहून मला भारी वाटते ती मिशेल खाइन यांची गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेडच्या संकुलात त्या नव्यानं रुजू झाल्या, तेव्हा प्रयोगासाठी थेंबभर द्रव खेळवणाऱ्या, केसाएवढ्या नळ्यांच्या चिप बनवायची महागडी सोय हाताशी नव्हती. त्यांनी याच खेळण्याच्या शीटवर लेझर प्रिंटरनं रेघा छापल्या आणि टोस्टर ओव्हनमध्ये आखडवल्या. रेघा अरुंद झाल्या, शाई उंच उठली, आणि तोच साचा झाला. लहान मुलांची वस्तू प्रयोगशाळेत जाऊन बसली. मोठं काढून बारीक मिळवणं त्यांनाही कामी आलं, हे वाचल्यापासून ओटीजीचं, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचं, दार लावताना मला वेगळाच हुरूप येतो.

पण आजचा दिवस साजाचा.

सासूबाईंचा साज, म्हणजे गळ्यातला सोन्याचा कोल्हापुरी हार, त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. आज त्यांनी तो कपाटातून काढला, पाटावर पांढरं फडकं अंथरून त्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “बघून काढ. मनानं काढू नकोस.” कोल्हापुरी साजाच्या एकवीस पानड्या, म्हणजे ओवलेली छोटी पदकं, सांगतात: दहा दशावताराच्या, आठ अष्टमंगलाच्या, दोन माणिक-पाचूच्या आणि मधला ताईत. मधे मधे जवमणी. चंद्र, कमळ, बेलपान, शंख, मासा, कासव, भुंगा अशी नावं त्यांना तोंडपाठ आहेत. मी लग्नकार्यात हा साज इतक्यांदा बघितलाय, पण कासवाची मान किंचित डावीकडं वळलेली आहे हे पेन्सिल हातात घेतल्यावरच दिसलं. माझं पहिलं चित्र बघून सासूबाई म्हणाल्या, “मान बाहेर काढ की गं. आमच्या साजातलं कासव असं आत शिरून बसलेलं नसतंय.”

आणि मग लक्षात आलं ते डोक्यातून जाईना. मी चार सेंटिमीटरवर काढते, खोडते, परत काढते, आणि बारीक करायचं काम ओटीजी करतो. कोल्हापुरातल्या सराफांच्या गुजरीत बसून ज्यानं हे कासव घडवलं, त्यानं ते याच मापात घडवलं. पाठीची प्रत्येक खाच, कडेचा प्रत्येक दाणा नखाएवढ्या सोन्यावर, थेट. त्याला मोठं काढून घ्यायची सवलत नव्हती. त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, याचं मला आज फार वाईट वाटलं.

म्हणून एक ठाम ठरवलं. साजाच्या पानड्या प्लॅस्टिकमध्ये करायच्या, पण सोनेरी रंग लावायचा नाही. बाजारात सोनेरी मुलामा दिलेलं पुष्कळ मिळतं, त्यात आणखी भर कशाला? सोन्याची नक्कल केली की प्लॅस्टिक केविलवाणं दिसतं. रंगीत पेन्सिलीनं रंगवलेलं हिरवं कासव मात्र स्वतःच्या जिवावर उभं राहतं. ते साजाचं चित्र आहे आणि चित्र म्हणूनच कानात घालावं.

पुतणीला दाखवताना सांगितलेलं इथंही लिहून ठेवते. शीटची एक बाजू बारीक पॉलिश पेपरनं आडवी आणि उभी घासायची, नाहीतर पेन्सिल धरत नाही. रंग अगदी हलक्या हातानं द्यायचा. सहा चौरस सेंटिमीटरवर पसरलेला रंग एका चौरस सेंटिमीटरवर गोळा होतो, त्यामुळं पोपटी काढलं तर गर्द हिरवं येतं. भोक आधीच पाडायचं. कागदाच्या पंचचं सहा मिलिमीटरचं भोक अडीचच्या आसपास येतं, कडी घालायला बरोब्बर. कोपरे कात्रीनं गोल करायचे, कारण आखडल्यावर टोकं टोचतात.

ओटीजी १६० अंशांवर आधी तापवून, ट्रेवर बेकिंग पेपर, खिडकी उघडी. हा ट्रे फक्त याच कामाचा. त्यात पुन्हा नानकटाई नाही. तुकडा आत गेला की आधी वळतो, टोकं एकमेकांना चिकटणार असं वाटतं, आणि बघणाऱ्याचा हात दाराकडं जातो. तिथं थांबायचं. तो आपणहून उलगडतो, सपाट होतो, आणि हलायचा थांबला की काढायचा. लगेच वरून गुळगुळीत फरशीचा तुकडा दाबून ठेवायचा. पुतणीनं आज दार न उघडता पूर्ण वाट पाहिली. तिच्या वयाला हे सोपं नाही, म्हणून तिचं मनापासून कौतुक केलं.

वरून थर द्यायचा तो पाण्यातल्या व्हार्निशचा. नेलपॉलिश चालत नाही. त्यातल्या द्रावकानं पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि कासवाची पाठ चिकट होते.

मिठाईच्या पारदर्शक डब्यांची झाकणंही बघते आहे. तळाशी त्रिकोणात ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन, आणि ते ताणून बनवलेलं असेल तर आखडतं. १ लिहिलेले डबे वेगळ्या प्लॅस्टिकचे, ते मी घेत नाही. झाकणं सगळीकडं सारखी आखडत नाहीत, त्यामुळं साजासाठी शीटच बरी. झाकणांवर पुतणीनं तिची मांजरं काढावीत.

हुक मात्र चांदीचे घालणार. कोल्हापूरजवळच्या हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं, आणि ओळखीच्या एका घरातून पुढच्या आठवड्यात हुक येतील. हातानं वाकवलेल्या चांदीच्या तारेला प्लॅस्टिकचं कासव लटकणार, हे मला मुळीच विजोड वाटत नाही.

आता राहिला भुंगा. त्याच्या मिशा इतक्या बारीक आहेत की सुट्या कापल्या तर ओटीजीत वळून एकमेकींना चिकटतील. त्या पानडीच्या आत काळ्या पेननं काढायच्या आणि कड पूर्ण गोल ठेवायची. सासूबाई म्हणतात, आधी चंद्र कर, सोपा आहे, हात बसेल. उद्या चंद्र.