नवी कोरी स्टेपनी

दिवाळीला आठवडा उरला की आमच्या दुकानात दोन प्रकारचे लोक येतात. काही जण फक्त हवा भरून घेतात आणि काही जण वर्षभर टाळलेला टायरचा खर्च एकदाचा उरकून टाकतात. २०२५ च्या दिवाळीआधी या दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकांची गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता आणि ही बातमी नाशिकमधल्या सिडको-इंदिरानगरच्या प्रत्येक घरी पोहोचली होती.

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक २०१६ ची एर्टिगा द्वारका चौकाकडून येऊन दुकानासमोर थांबली. गाडीतून एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, त्यांचा मुलगा आणि सून उतरले. काकांनी नोकरीतली बरीच वर्षे कसारा घाटात गाडी वरखाली करण्यात घालवली होती, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगितले. भाऊबीजेला घरची सात माणसे घेऊन त्यांना त्याच घाटाने ठाण्याला उतरायचे होते. चारही टायर बरेच घासले होते, आणि खिशात सतरा हजार रुपये होते.

काकांनी घरूनच हिशेब करून आणला होता. "तीन टायर नामांकित कंपनीचे दे. चौथी माझी स्टेपनी लाव. गाडी घेतल्यापासून तिला रस्ता लागलेला नाही, नवी कोरी आहे."

नामांकित कंपनीचा त्या मापाचा टायर माझ्याकडे ५,६०० रुपयांना होता, म्हणजे तीन टायरचे १६,८०० रुपये झाले असते. शेजारी ४,१५० रुपयांचा, फारसा कुणी नाव न ऐकलेला टायर होता. त्याचे चार नग १६,६०० रुपयांत बसत होते. मी दोन्ही आकडे सांगताच मुलगा म्हणाला, "दादा, नाव नसलेला टायर घाटात नको. उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं?"

हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. सातपूरला सिएटचा कारखाना असल्यामुळे नाशिककराला टायर कंपन्यांची ओळख जरा जवळची आहे, आणि त्यामुळेच अनोळखी नावाविषयीचा संशयही थोडा अधिक आहे. वास्तविक 'फारसे ऐकले नाही' याचे अर्थ निरनिराळे असू शकतात. विक्रांत हे नाव जेके टायरच्या घरातले, फायरस्टोन हे ब्रिजस्टोनच्या घरातले आणि फाल्कन हे जपानच्या सुमितोमोचे आहे, हे दुकानात आलेल्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसते. याउलट काही नावे अशी असतात की ती एखाद्या आयातदाराबरोबर बाजारात आली आणि त्याच्याबरोबरच गेली. १२ जून २०२० रोजी सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातल्यानंतर अशी कित्येक नावे दिसेनाशी झाली, पण त्यांचा माल मात्र गोदामांमधून पुढे बराच काळ निघत राहिला.

म्हणून मी नावावर बोलणे टाळले आणि तो ४,१५० रुपयांचा टायर आडवा ठेवून सूनबाईंना मोबाइलचा प्रकाश साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, धरायला सांगितले. १८५/६५ आर १५ हे माप गाडीच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरशी जुळत होते. पुढे ८८ हा आकडा होता, म्हणजे एका टायरने ५६० किलो भार पेलावा. कमी किमतीच्या मोहात अनेक जण १७५ मापाचा ८४ आकड्याचा टायर बसवतात आणि मग तो भार प्रत्येक चाकामागे ५०० किलोवर येतो. सात माणसे आणि फराळाचे डबे घेऊन निघणाऱ्या गाडीला हे साठ किलो सोडून देणे परवडणारे नाही. त्याखाली आयएसआयचे चिन्ह होते आणि सर्वांत शेवटी, लंबगोल चौकटीत, चार आकडे होते: २८२५. सूनबाईंनी ते स्वतःच वाचले, मी अर्थ सांगितला. २०२५ सालचा अठ्ठाविसावा आठवडा, म्हणजे जुलै महिना.

"आता स्टेपनी काढू," मी म्हटले.

एर्टिगाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. आमच्या पोऱ्याने पाना फिरवून ती खाली सोडली तेव्हा तिच्यावर नऊ पावसाळ्यांचा चिखल वाळून बसला होता. धुतल्यावर मात्र काकांचे म्हणणे खरे ठरले. नक्षी पूर्ण होती आणि नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा जागेवर होते. नावही मोठ्या कंपनीचे होते. काकांनी मुलाकडे विजयी मुद्रेने पाहिले.

मी हवा मोजली, काटा ११ वर थांबला, म्हणजे हवा फारच कमी होती. तारखेचे आकडे एकाच बाजूला होते, आणि ती बाजू रिमच्या आतल्या अंगाला आल्यामुळे चाक उलटे करावे लागले. १११६. म्हणजे मार्च २०१६, साडेनऊ वर्षांपूर्वीचा.

"पण वापरलाच नाही ना," काका म्हणाले.

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागली, आणि ती मी फार कुणाला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी असाच न वापरलेला, नामांकित कंपनीचा स्टेपनीचा टायर मी एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाला 'चालेल, नवाच आहे' असे म्हणून बसवला होता. मे महिन्यात घोटीच्या अलीकडे महामार्गावर त्याची नक्षीची पट्टी सोलून निघाली आणि फेंडरचे प्लॅस्टिक घेऊन गेली. सुदैवाने गाडी सरळ राहिली आणि कुणाला लागले नाही. त्या माणसाने मला दोष दिला नाही, उलट कंपनीला शिव्या दिल्या. मी गप्प बसलो, कारण तारीख वाचायची राहिली होती ती माझ्याकडून.

रबर नुसते घासून संपत नाही, हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनने ते आतून वाळतही जाते. त्याला वाचवण्यासाठी मिश्रणात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात, पण टायर रस्त्यावर दबला-फुगला तरच ते पृष्ठभागाकडे येत राहतात. स्थिर टांगलेल्या टायरला ही सोय नीट मिळत नाही. म्हणूनच पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, दहा वर्षांनंतर निवृत्ती, असा सल्ला टायर कंपन्याच देतात.

मी स्टेपनीच्या नक्षीची एक खाच दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. वरून अखंड दिसणाऱ्या रबराच्या तळाशी, उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या काठच्या गाळाला पडतात तशा, केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी उघडली. नखाने दाबून पाहिले तर नख घसरले. शेजारच्या ४,१५० रुपयांच्या टायरवर त्याच नखाची खूण उमटली आणि हळूहळू भरून आली.

काका वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग मीच विचारले, "काका, एसटीत रिमोल्ड कुठे लावायचे?" रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवून केलेला टायर.

"मागे. पुढे कधीच नाही," ते लगेच म्हणाले. "आणि मागे लावतानासुद्धा सांगाडा बघून. वरची नक्षी काय, ती कुणीही चढवतो."

एवढे बोलून ते थांबले. सांगाडा हा शब्द त्यांचाच होता, त्यामुळे मला पुढे काही सांगावे लागले नाही.

राहिला मुलाचा प्रश्न. टायरमध्ये दोष निघाला तर त्याचा दावा कुठे करायचा, हे मी त्याला वॉरंटीच्या कागदावर दाखवले. त्या कंपनीची माणसे नाशिकलाच येऊन टायर तपासतात, आणि मी एवढे पाहिल्याशिवाय कोणतेही अनोळखी नाव दुकानात ठेवत नाही. टायरच्या उणिवाही सांगितल्या. या टायरचे रबर महागड्या टायरपेक्षा कडक आहे, सिमेंटच्या रस्त्यावर त्याचा आवाज जास्त येईल आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडा लांब लागेल, तेव्हा पावसात पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे. काकांनी यावर मान हलवली आणि "ते मी सगळ्याच टायरवर ठेवतो," एवढेच म्हणाले.

चारही चाकांना तेच टायर लागले, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झाली. जुन्या चारांपैकी ज्याची नक्षी ३ मिलिमीटर शिल्लक होती आणि भेगा नव्हत्या, तो तात्पुरती स्टेपनी म्हणून पोटाखाली गेला. १.६ मिलिमीटरची कायद्याची मर्यादा गाठायला त्याला अजून अवकाश होता. सूनबाईंनी चारही टायरच्या तारखा बिलामागे लिहून घेतल्या. त्यांपैकी तीन २८२५ च्या होत्या आणि एक २६२५ ची.

जुन्या स्टेपनीचे काय करायचे, असे मी विचारले. भंगारवाल्याकडे असा केसाळ टायर गेला की तो पॉलिश होऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. काकांनी पोऱ्याकडून हॅकसॉ मागून घेतली आणि टायरच्या रिमला बसणाऱ्या कडेतल्या तारा जुमानत नाहीत म्हणून साइडवॉल आडवी कापायला घेतली. बराच वेळ लागला. घाम पुसताना त्यांची नजर वर माळ्याकडे गेली.

"ते वरचे दोन कोणते रे?"

ते आयात केलेले होते, २०१९ सालचे. वितरकाने परत घ्यायला नकार दिल्यापासून पडून होते. एखादा फारच घासाघीस करणारा आला तर देऊन टाकू, असे माझ्या मनात कुठेतरी होते, आणि ते मी तोपर्यंत स्वतःपाशीही कबूल केले नव्हते.

"विकायचे नाहीत," मी म्हणालो.

"मग खाली घे," असे म्हणून काकांनी हॅकसॉ माझ्याकडे दिली.