काका, स्टँड!

ठाण्यात वंदना एसटी स्टँडजवळून मोटारसायकलने जात असताना मागून कुणी "काका, स्टँड!" असे ओरडले, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हा एक खास स्थानिक पेच आहे. काही वर्षांपूर्वी मी तो चुकीचा सोडवला. स्कूटरवरून येणाऱ्या मुलीला एसटी स्टँड कुठे ते हवे आहे, असे समजून मी चालत्या गाडीवरूनच डावा हात लांबवून दिशा दाखवली. ती मात्र माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवत राहिली. क्षणभर आम्ही दोघे एकमेकांना मोठ्या आस्थेने रस्ता दाखवत होतो. मग डावीकडे वळताना गाडी कलली, खालून खर्रकन आवाज झाला आणि मागचे चाक किंचित उचलल्याचा हिसका बसला. वेग बेताचा होता म्हणून निभावले. साइड स्टँड डाव्या बाजूला असतो आणि आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे अरुंद, झटकन घ्यायचे वळणही डावेच असते, हा योगायोग त्या दिवशी मला प्रथमच नीट कळला.

या स्टँडची रचना मोठी साधी आहे. त्याची स्प्रिंग बिजागरीच्या खिळ्याच्या एका बाजूला असली की स्टँड वर ओढून धरते आणि दुसऱ्या बाजूला गेली की तितक्याच इमानाने खाली ओढून धरते. म्हणजे एकदा खाली गेलेला स्टँड तुमचा पाय लागेपर्यंत खालीच राहणार. युरोपने १९९३ सालीच यावर नियम केला, की स्टँड एक तर आपोआप मागे जावा किंवा तो खाली असताना गाडी इंजिनाच्या जोरावर पुढे जाऊ नये. आपोआप मागे जाणारा स्टँड ऐकायला बरा वाटतो, पण स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये, जिथे आपली गाडी बाहेर काढण्यासाठी आधी दुसऱ्याची तीन इंच सरकवावी लागते, तिथे असे स्टँड असते तर रोज संध्याकाळी गाड्यांची अख्खी रांग आडवी झालेली दिसली असती. उरला तो इंजिन बंद करणारा स्विच. आपल्याकडे २०२० च्या सुमारास, भारत स्टेज ६ या प्रदूषण-नियमांच्या गाड्या आल्या त्या काळात, तो अनेक मॉडेलांवर दिसू लागला. त्याआधी काही गाड्यांवर नुसता दिवा असे. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात तो पेटला आहे की नाही, हे पाहायला गाडी सावलीत न्यावी लागे.

माझ्या नव्या मोटारसायकलला हा स्विच आहे. न्यूट्रलमध्ये स्टँड खाली असला तरी इंजिन चालू राहते. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की मात्र ते गप्प होते. पहिल्या पावसाळ्यापर्यंत आमचे उत्तम जमले. मग जुलैतल्या एका संध्याकाळी, कापूरबावडीच्या उड्डाणपुलावर, स्टँड नीट वर असताना इंजिन अचानक बंद पडले. मागे कंटेनर होता. गाडी ढकलत कठड्याला लागेपर्यंत या सुरक्षेच्या साधनाबद्दल माझ्या मनात जे विचार आले, ते येथे लिहिण्यासारखे नाहीत.

गॅरेजवाल्याने गाडीशेजारी उकिडवे बसून बिजागरीवरचा चिखल बोटाने खरवडला आणि सुपारीएवढे काळे बटण दाखवले. स्टँड वर गेला की ते दाबले जाते आणि जोडणी पूर्ण होते. चिखलाने ते अडकले किंवा वायर तुटली, तर गाडीच्या हिशेबी स्टँड खालीच. "साहेब, डायरेक्ट करून देऊ? दोन वायरी जोडल्या की कटकटच नाही." मी लगेच होकार दिला. शंका आली की थांबायचे, हे त्या स्विचचे तत्त्व गाडी उभी असताना शहाणपणाचे आहे. पुलावर, पावसात, कंटेनरपुढे ते तितकेसे शहाणपणाचे राहत नाही. स्विच हवा की नको, या वादात ही बाजू फारशी कुणी मांडत नाही. स्विच नको म्हणणारे एवढेच म्हणतात, की सवय असली की त्याची गरज नाही.

सवयीच्या गोष्टी मीही ऐकवत असे. एसटी स्टँडजवळचा तो प्रसंग मी अपवादात टाकला होता. पण डायरेक्ट केलेल्या गाडीवर मी चार दिवस फिरलो आणि चौथ्या दिवशी राम मारुती रोडवर पुन्हा मागून हाक आली, "ओ काका, स्टँड!" त्या रस्त्यावर एसटीचा स्टँड नाही. शनिवारी मी नवा स्विच बसवून घेतला; या खेपेस बटणाऐवजी लोहचुंबकावर चालणारा, पूर्ण बंदिस्त, ज्यात चिखलाने अडकण्यासारखे काही नाही. माझे गाऱ्हाणे स्विचबद्दल नव्हतेच, तो जिथे सगळा रस्ता उडतो तिथे उघड्यावर ठेवण्याबद्दल होते.

त्यानंतर मी महिनाभर मोजदाद ठेवली. सोसायटीच्या फाटकापाशी पहिला गिअर टाकताच इंजिन बंद पडण्याचा प्रकार सहा वेळा घडला. त्यातल्या दोन वेळा मी फोनवर बोलणे नुकतेच संपवले होते, एकदा भाजीची पिशवी हँडलला नीट बसत नव्हती आणि उरलेल्या तीन वेळांना काहीही कारण नव्हते. आमच्या वॉचमनला मात्र कारण ठाऊक आहे. त्याच्या मते गाडीचा कार्ब्युरेटर साफ करायला झाला आहे आणि मी उगीच चालढकल करतो आहे. या गाडीला कार्ब्युरेटर नसतो, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.