माहुली फेब्रुवारीत : "सोपा आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा उतरून दाखवा

परतीच्या लोकलमध्ये विंडो मिळालीय आणि उजव्या ढोपराची सालटं निघालीयत, तेव्हा राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याबद्दल ज्यांनी ज्यांनी "अरे माहुली काय, दोन-अडीच तासात वर" असं सांगितलं ते सगळे पावसाळ्यात जाऊन आलेले होते, हे मला आज गडाच्या शिडीखाली कळलं.

मी आणि मामेभाऊ, दोघंच, मंगळवारी रजा टाकून. दादरहून पहाटेची कसारा लोकल पकडली, साडेसहाच्या आसपास आसनगाव. माहुली गाव तिथून साधारण 5 किलोमीटर, हायवे ओलांडून. रिक्षावाल्याने 400 सांगितले. 5 किलोमीटरचे! "परत रिकामं यायला लागतं ना दादा." घासाघीस करून 350 वर आला आणि आम्ही बसलो, कारण ऊन चढायच्या आत निम्मा डोंगर संपवायचा होता. ग्रुप असेल तर ठीक, दोघंच असाल तर चालत जा, सकाळच्या गारव्यात तासाभराचं काम आहे. 350 रुपयात मी घरी चौघांची मिसळ आणतो.

पायथ्याच्या देवळापासून पहिला तास जंगलातून आहे, सावली आहे, वाट मळलेली आहे, झालं. पुढे सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, लागते आणि खरं काय ते तिथून सुरू होतं.

पावसाळ्यात ही माती ओली असते, बूट रुततो, वर जाता येतं. आता तिचा भुगा झालाय, भुग्यावर बारीक मुरूम आणि मुरमावर वाळलेली पानं. पान बघून पाय टाकावा तर खाली गोटा, गोटा निघाला की आपण निघालो. कडेच्या कारवीला धरावं तर तीही वाळलेली, काटकन मोडते, मुठीत वीतभर काडी आणि आपण दोन हात खाली. माझं ढोपर असंच गेलं. चढताना हा पट्टा साधारण 25 मिनिटांत झाला, उतरताना 50 मिनिटं लागली आणि त्यातली निम्मी मी बूड टेकून होतो. भाऊ पुढे, त्याच्या पायाखालून सुटलेले दगड खाली आणि माझ्या पायाखालून सुटलेले थेट त्याच्या दिशेने, शेवटी एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने झाडाला चिकटून थांबायचं असं ठरवलं. तुम्ही पहिल्यापासून तसंच करा. बूट, काठी वगैरे सांगत बसत नाही, ते तुमच्याकडे असेलच. पण तळ झिजलेले जुने बूट "एवढ्याला चालतील" म्हणून घालू नका, मी घातले होते.

लोखंडी शिडीला लोक उगाच घाबरतात, आज तरी ती जराही हलली नाही. अख्ख्या ट्रेकमध्ये पाय ठेवल्यावर जागच्या जागी राहिलेली तेवढी एकच वस्तू.

वर चिटपाखरू नव्हतं. महादरवाज्याच्या देवड्यांत (पहारेकऱ्यांच्या खोल्यांत) अर्धा तास पडून राहिलो, खाली कुठेकुठे पळस फुलायला लागलाय, नवरा-नवरी-भटजी सुळके बघितले. छान आहे. शिडीच्या वरच्या टाक्यात मात्र पानं आणि शेवाळ, वरच्या पाण्याच्या भरवशावर अजिबात जाऊ नका. आम्ही माणशी 3 लिटर नेलं होतं, साडेबाराला संपलं. आणि समोर तानसा तलाव लखलख करतोय! 1892 पासून मुंबईला पाणी पाजतोय तो, घरी नळ सोडला की येतो, इथे घोटभर मिळेना. 4 लिटर न्या, मुकाट्याने न्या.

1670 मध्ये मराठ्यांनी हा गड घ्यायचा पहिला प्रयत्न केला तो फेब्रुवारीतच, आणि तो फसला. गड हातात आला जूनमध्ये. किल्लेदार सावध होता म्हणून फसला असं वाचलंय, मला आज घसाऱ्याचाही, म्हणजे या सुट्या भुग्या-मुरमाचाही, संशय येतोय.

आमची मोठी चूक म्हणजे वर रेंगाळलो आणि एक वाजता उतरायला लागलो. सोंडेवर त्या वेळी सावली नाही, डोकं तापतं आणि डोकं तापलं की पाय चुकतो. 11 ला उतरायला लागायचं म्हणजे लागायचं, मग गडाचा कल्याण दरवाजा बघायचा राहिला तरी राहू दे. फेब्रुवारीच्या पुढे तर जाऊच नका. आत्ता पाय ठणकतायत म्हणून बोलतोय असं भाऊ म्हणतो, तो बोलेल, त्याचे बूट नवीन होते.

पायथ्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. ठरल्याप्रमाणे स्टेशनपर्यंत चालत निघालो, बाणा म्हणून. दोनशे पावलं गेलो असू, मागून सकाळचाच रिक्षावाला. "300 द्या."

बसलो.